१७७८ वरचं पीक

गेल्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेचे तीन आठवडे एका पिकाच्या मागे गेले. पीक म्हणजे शेतातलं नव्हे. वर्णपटात जो टोकदार उंचवटा दिसतो त्याला इथे सगळे पीकच म्हणतात. वहीत 'पीक आलं', 'पीक पडलं', 'पीक हललं' असं वाचून नव्या शिपाईकाकांनी एकदा खरंच विचारलं होतं, "सर, तुमचं शेतीखात्याशी काही असतं का?"

त्या पिकाची ही हकिगत. नावं कुणाचीच देत नाही. प्रयोगशाळा पाषाणच्या बाजूची, छोटी. माणसं तीन: मी, पीएचडी करणारी एक विद्यार्थिनी, आणि दर शनिवारी कोथरूडहून रिक्षाने येणारे माझे निवृत्त गुरू. यंत्र एक: रामन स्पेक्ट्रोमीटर.

प्रश्न काय होता

पुण्याचं आणि पेनिसिलिनचं नातं जुनं. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली. पुढे पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पेनिसिलिन असायलेज या एन्झाईमवर वर्षानुवर्षं काम झालं. असायलेज पेनिसिलिनची शेपटी कापतं आणि मधलं चार अणूंचं कडं शाबूत ठेवतं, म्हणून औषध कारखान्याला ते हवंहवंसं. आमचं एन्झाईम त्याचं वैरी म्हणावं असं: बीटा-लॅक्टमेज. हे थेट कडंच फोडतं, आणि कडं फुटलं की पेनिसिलिनचा औषध म्हणून काही उपयोग उरत नाही. पेनिसिलिन नष्ट करणारं एन्झाईम जिवाणूंत असतं हे अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच लिहून ठेवलं होतं, म्हणजे पेनिसिलिन दवाखान्यात रुळायच्याही आधी.

हे कडं फुटताना रामन वर्णपटात बघता येईल का, आणि एन्झाईमचा वेग त्यातून काढता येईल का, एवढाच विद्यार्थिनीचा पहिला प्रयोग. वेग मोजायच्या सोप्या रीती आहेत. नायट्रोसेफिन नावाचं एक औषध-भावंड आहे, ते फुटलं की पिवळ्याचं लाल होतं, डोळ्यांनी दिसतं. पण तो रंगीत बदली खेळाडू झाला. खऱ्या पेनिसिलिनला रंग नाही. रामनमध्ये त्याला कुठलाही रंग जोडावा लागत नाही, तो स्वतःच बोलतो.

बोलतो म्हणजे काय? हिरवा लेझर, ५३२ नॅनोमीटरचा, द्रावणातून सोडायचा. बहुतेक प्रकाश आहे तसाच विखुरतो. दहा लाखांतून, कधी दहा कोटींतून एखादा फोटॉन मात्र रेणूतल्या एखाद्या बंधाला थरथरवून, तेवढी ऊर्जा तिथे ठेवून बाहेर पडतो. त्याची जी घट होते ती प्रति सेंटिमीटर या एककात मोजतात, आणि प्रत्येक बंधाची घट ठरलेली. पेनिसिलिनच्या कड्यातल्या कार्बोनिलची, म्हणजे कार्बन-ऑक्सिजनच्या जोडीची, १७७०च्या आसपास. शेपटीतल्या बेंझीन कड्याची १००३. कडं फुटलं की १७७० जातं, १००३ जागेवर राहतं, कारण एन्झाईम शेपटीला हात लावत नाही. म्हणजे एकाच चित्रात मोजायची वस्तू आणि तिचं वजनमाप, दोन्ही. शिवाय पाणी रामनमध्ये फार गडबड करत नाही. अवरक्त पद्धतीत नेमकं १६४०च्या जवळ पाणी एवढं शोषतं की शेजारचं काही धड दिसत नाही. एन्झाईम पाण्यातच काम करतात, त्यामुळे हा फायदा लहान नाही.

मोजमापं अशी: पेनिसिलिन-जी ५० मिलिमोलर, म्हणजे एका मिलिलिटरला जवळपास १८ मिलिग्रॅम. एन्झाईम २५ नॅनोमोलर; नॅनो म्हणजे मिलीचा दहा लाखावा भाग. पीएच फार हलू नये म्हणून फॉस्फेट बफर २०० मिलिमोलर, पीएच ७. दर ३० सेकंदांना एक वर्णपट. बफर एवढा दाट घेतला कारण प्रत्येक फुटलेल्या रेणूमागे एक आम्ल तयार होतं. त्यात एक गंमत आहे: फॉस्फेटचं एक रूप ९९०ला दिसतं, आम्ल वाढलं की ते कमी होऊन दुसरं रूप १०७७ला वाढतं. म्हणजे पीएच किती घसरला हे बाजूला इलेक्ट्रोड न बुडवता त्याच वर्णपटातून वाचता येतं. आमच्या विद्यार्थिनीला हे इतकं आवडलं की तिने पहिले दोन दिवस नुसता बफरच मोजला.

काय दिसलं

१७७०चं पीक सरळ रेषेत खाली यायला लागलं. तसंच यायला हवं होतं: पेनिसिलिनचा सुकाळ असताना एन्झाईम शेवटपर्यंत एकाच वेगाने काम करतं. पण पंचविसेक मिनिटांनंतर रेषा थांबली. शून्यावर नव्हे. सुरुवातीच्या उंचीचा पाचवा हिस्सा शिल्लक असताना ती आडवी झाली आणि तासभर आडवीच राहिली.

पहिली शंका सगळ्यांना येते तीच, एन्झाईम मेलं. थांबलेल्या द्रावणाचा एक थेंब नायट्रोसेफिनमध्ये टाकला. डोळ्यांदेखत लाल. जिवंत होतं. मग वाटलं, तयार झालेला माल एन्झाईमला अडवतोय. पुन्हा पेनिसिलिन घातलं, तर नवीन घातलेलं सगळं मुकाट्याने फुटलं आणि रेषा पुन्हा त्याच उंचीवर येऊन बसली. एन्झाईम दुप्पट केलं. उतार दुप्पट झाला, थांबायची जागा तीच.

इथे आम्ही थांबायला हवं होतं. तीन वेगळ्या वाटांनी जाऊन तुम्ही एकाच दारात पोचत असाल, तर ते दार रसायनाचं असण्याची शक्यता कमी. हे आज लिहिताना सोपं आहे. तेव्हा आमचं लक्ष दुसरीकडे होतं, कारण विद्यार्थिनीला एक भारी गोष्ट सापडली होती: उरलेलं पीक १७७०वर नव्हतंच. ते १७७८च्या आसपास होतं. पीक जसजसं लहान होत गेलं तसतसं उजवीकडे, म्हणजे वरच्या आकड्याकडे, सरकलं होतं.

पीक सरकणं म्हणजे बंध बदलणं. एन्झाईमच्या खोबणीत अडकलेल्या पेनिसिलिनचं कार्बोनिल वेगळ्या परिसरात असतं, त्याची थरथर वेगळी असणार. "सर, हा एन्झाईमला धरलेला पेनिसिलिन आहे!" ती म्हणाली. मलाही तेच वाटलं, खोटं कशाला बोलू. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी पोस्टरचा गोषवारा त्याच आठवड्यात गेला. रामन परिणामाचा शोध १९२८ साली त्या तारखेला लागला, आणि त्याच दिवशी रामन पद्धतीने एन्झाईमच्या पोटातला पेनिसिलिन दाखवायचा, असा आमचा थाट.

शनिवारी विचारलेले दोन प्रश्न

गुरूंनी आलेख डोळ्यांजवळ धरून बघितला आणि विचारलं, "अरे, वर का गेलं?"

प्रश्न साधा दिसतो, पण त्यात बराच ऐवज आहे. अशा एन्झाईमच्या खोबणीत एक जागा असते जिथे मुख्य साखळीतले दोन नायट्रोजन-हायड्रोजन गट कार्बोनिलच्या ऑक्सिजनला दोन बाजूंनी ओढून धरतात. ओढल्याने कार्बन-ऑक्सिजन बंध जरा लांबतो, सैल होतो, तुटायला सोपा जातो. एन्झाईमची करामत बरीचशी तिथेच आहे. आणि सैल बंधाची थरथर मंदावते, पीक डावीकडे सरकतं. पॉल केरी आणि पीटर टोंग यांनी १९९२ साली नेमकं हे आकड्यांत दाखवलं. कायमोट्रिप्सिन आणि त्याच्या गोतावळ्यातल्या, प्रथिनं कापणाऱ्या एन्झाईमना चिकटलेल्या रेणूंचं कार्बोनिल पीक जितकं खाली, तितका रेणू लवकर सुटतो. पीक ५४ एककांनी उतरतं, तिथे सुटण्याचा वेग सोळा हजार पटींहून अधिक वाढतो. एन्झाईम बंधाला किती ताणतं हे वर्णपटातल्या एका रेघेच्या जागेवरून वाचता येणं, याहून सुंदर काम या विषयात मला तरी माहीत नाही.

"तंबोऱ्याची खुंटी सैल केलीस तर सूर वर जातो का रे कधी?" गुरू म्हणाले.

आमच्याकडे उत्तर तयार होतं. पाण्यात पेनिसिलिनच्या कार्बोनिलला पाण्याचे रेणू धरून असतात. कोरड्या खोबणीत गेल्यावर ती पकड सुटत असेल, म्हणून वर. असं घडू शकतं. हुशार माणसांची हीच पंचाईत, कुठल्याही दिशेला गेलेल्या पिकासाठी कारण सापडतं.

दुसरा प्रश्न चहा येईपर्यंत आला. कपाखाली ठेवायला घेतलेल्या पाकिटावर त्यांनी भागाकार केला. पेनिसिलिन ५० मिलिमोलर, एन्झाईम २५ नॅनोमोलर. एका एन्झाईममागे २० लाख पेनिसिलिन. "पाचवा हिस्सा उरलाय म्हणता. म्हणजे चार लाख. एका खुर्चीवर चार लाख माणसं बसवलीत तुम्ही?"

याला उत्तर नव्हतं. एका मिलिलिटरमध्ये आमचं एन्झाईम एक मायक्रोग्रॅमसुद्धा भरत नव्हतं. एवढ्या एन्झाईमचा स्वतःचा रामन वर्णपट दिसतच नाही. प्रथिनाचा अमाइड पट्टा, टायरोसिनची ८३० आणि ८५०ची जोडी, सल्फर-सल्फर पुलाचं ५१०, हे बघायचं तर मिलिलिटरला काही मिलिग्रॅम प्रथिन लागतं. म्हणजे जो धरणारा मुळात दिसत नाही, त्याने धरलेला दिसतोय असा आमचा दावा होता. पाकीट अजून माझ्या खणात आहे. त्यावर चहाचा गोल डाग पडलाय आणि डागाच्या मधोमध चार लाख.

गोषवारा मागे घ्यावा असं मात्र तेव्हाही कुणी म्हणालं नाही. "काहीतरी असेल," असं ठरवून आम्ही चौदावी फेरी लावली.

गुरुवार

गुरुवार म्हणजे पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार. लेझर, स्पेक्ट्रोमीटर आणि संगणक यूपीएसवर असतात, म्हणून प्रयोग अडत नाही. पंखा आणि दिवे तेवढे जातात.

त्या दिवशी फेरी सुरू होऊन चाळीसेक मिनिटं झाली होती, रेषा नेहमीप्रमाणे आडवी होती, आणि वीज गेली. यूपीएस ओरडायला लागला. मी बाहेर जाऊन शेजारच्या इमारतीत तरी आहे का बघून आलो, पुणेकराची सवय. परत आलो तर विद्यार्थिनी पडद्यावर बोट ठेवून उभी. एका वर्णपटात पीक होतं, तीस सेकंदांनंतरच्यात नव्हतं. कमी झालं नव्हतं, सपाट झालं होतं.

"यूपीएसवर लेझर कमी पडत असेल," मी म्हणालो.

"सर, १००३ तसंच आहे."

खरंच होतं. बेंझीन कड्याचं पीक केसभरही हललं नव्हतं. लेझर कमी पडला असता तर दोन्ही खाली आली असती. एक जातं आणि दुसरं राहतं, याचा अर्थ दोघांचा मालक एक नाही. ती काही बोलली नाही, वीज यायची वाट बघत बसली. वीस मिनिटांनी पंखा फिरला आणि पुढच्याच वर्णपटात १७७८ परत हजर.

तिच्या टेबलावर वाकड्या मानेचा एक जुना दिवा असतो. छतावरचे सगळे दिवे एलईडी झाले, पण या दिव्यात अजून वेटोळ्याचा सीएफएल होता. एन्झाईम सोडायची सुई बारीक, तिच्यातला बुडबुडा दिसावा म्हणून ती दिवा क्युव्हेटवर, म्हणजे नमुन्याच्या पारदर्शक कुपीवर, वाकवून ठेवायची. पंप जोडल्यापासून नळी आत जावी म्हणून नमुन्याच्या पेटीवरचं काळं फडकं एका कोपऱ्यातून उचललेलं असायचं.

तिने लेझरचं झडप बंद केलं, दिवा चालू ठेवला आणि एक वर्णपट घेतला. १७७८चं पीक एकटं उभं. ना लेझर, ना रामन, ना पेनिसिलिनशी काही संबंध. दिव्यासमोर तळहात धरला, पीक गेलं. हात काढला, आलं. दोनदा, तीनदा. मला हसू येत होतं आणि तिला रडू, आणि थोड्या वेळाने उलटं.

हिशेब असा. सीएफएलच्या नळीत पारा असतो आणि आतून दुर्मिळ मृदांची भुकटी फासलेली असते. त्यातलं युरोपियम तांबूस प्रकाश देतं, पण सलग नव्हे, सुट्या रेघांमध्ये. त्यातली एक ५८७.६ नॅनोमीटरच्या आसपास. आमचं सॉफ्टवेअर येणारा प्रत्येक फोटॉन लेझरपासूनच निघालाय असं धरून चालतं. प्रति सेंटिमीटरमध्ये ५३२ नॅनोमीटर म्हणजे १८७९७, ५८७.६ म्हणजे १७०१८, वजाबाकी १७७९. दिव्याची रेघ पेनिसिलिनच्या कार्बोनिलच्या शेजारी येऊन बसली होती. आमच्या यंत्राला दोन्ही वेगळी दाखवण्याइतकी नजर नव्हती. पेनिसिलिन उतरत गेला तशी खालची रेघ उघडी पडली आणि आम्ही म्हणालो, पीक सरकलं.

बरं, युरोपियमची सगळ्यात ठसठशीत रेघ ६११च्या पुढची. ती आमच्या मापात २४४६ला पडते, जिथे पेनिसिलिनचं काहीही नसतं. ती दिसली असती तर पहिल्या दिवशीच चोर सापडला असता. पण आम्ही मोजायची खिडकी ९०० ते १८५० एवढीच ठेवली होती, बारकावे नीट दिसावेत म्हणून. पाऱ्याची ५४६ची हिरवी रेघ ४८४ला पडते, तीही खिडकीबाहेर. दोन्ही बाजूंना साक्षीदार उभे होते आणि आम्ही मधल्या खोलीत दार लावून बसलो होतो.

मग कोऱ्या चाचणीत हे का नाही दिसलं? नुसता बफर, नुसतं एन्झाईम, एन्झाईमशिवाय पेनिसिलिन, सगळं मोजलं होतं. पण त्यात सुई लागत नाही, म्हणून दिवा लागत नाही. वजा करायचा अंधाराचा वर्णपटही सकाळी आल्या आल्या घेतलेला, दिवा बंद असताना. चाचण्या चोख होत्या, फक्त त्या दुसऱ्या खोलीत केल्यासारख्या होत्या.

मला यात सगळ्यात जास्त गंमत वाटते ती पाऱ्याची. १९२८ साली कोलकात्यात रामन आणि कृष्णन यांच्याकडे लेझर नव्हता. पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश द्रवातून पाठवून, मूळ रेघांशेजारी उमटलेल्या नव्या फिकट रेघा त्यांनी ओळखल्या. दिव्याची स्वतःची रेघ कुठली आणि रेणूने दिलेली कुठली, हाच त्यांचा रोजचा धंदा. आम्ही पारा टेबलावर ठेवून ते विसरलो.

दुरुस्त केल्यावर

दिवा हलवला. तुळशीबागेतून दुहेरी काळं कापड आणून पेटीला झालर शिवली, नळीसाठी बाहीसारखं भोक ठेवून. अंधाराचा वर्णपट आता प्रत्येक फेरीच्या लगेच आधी, जे जे चालू असेल ते चालू ठेवून घेतात. आणि लेझर अर्धा करून एक फेरी होते: जे पीक अर्धं होत नाही ते आपलं नाही. दुसऱ्या रंगाचा लेझर असेल तर आणखी पक्की खूण मिळते, कारण रामनची घट लेझर बदलला तरी तीच राहते, दिव्याची रेघ मात्र मापावर भलतीकडे पळते. आमच्याकडे एकच लेझर आहे.

रेषा शून्यापर्यंत सरळ आली. २७ मिनिटं. २० लाख भागिले १६२० सेकंद, म्हणजे एक एन्झाईम सेकंदाला बाराशेहून जास्त पेनिसिलिन फोडतं. आधी आम्ही हा आकडा हजाराच्या जरा खाली काढला होता, कारण सुरुवातीच्या उंचीतला पाचवा हिस्सा दिव्याचा होता आणि तोही आम्ही पेनिसिलिन म्हणून धरला होता. चूक नुसती शेपटाला नव्हती, डोक्यालाही होती. आधीच्या तेराही फेऱ्या मोडीत काढल्या. तिने म्हटलं, पाचवा हिस्सा वजा करून दुरुस्त करता येतील. येतीलही, पण दिव्याची मान रोज वेगळी वाकवलेली असायची.

पोस्टर लागलं, पण गोषवारा बदलून. लेझर बंद असतानाचा १७७८चा वर्णपट तिने मधोमध मोठा छापला. बघणाऱ्यांची सगळ्यात जास्त गर्दी तिथे होती. दोन वेगळ्या संस्थांतल्या पोरांनी हळूच येऊन दिव्याचा मेक विचारला.

एन्झाईमने धरलेला पेनिसिलिन बघायचा तर तो असा बघता येणार नाही, हे आता तिला मान्य आहे. त्यासाठी तिने एन्झाईमची लंगडी आवृत्ती घेतलीय. १६६व्या जागेवरचं ग्लुटामेट हे अमिनो आम्ल काढून अलानिन हे दुसरं बसवलं की एन्झाईम पेनिसिलिनला पकडतं, कडं फोडतं, पण सोडू शकत नाही. त्याचे स्फटिक करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिकावरच लेझर टाकायचा. स्फटिकात प्रथिन इतकं दाटीने बसलेलं असतं की मिलिमोलरच्या दशकांत पोचतं, तिथे खुर्च्या पुरतात. आधी नुसता स्फटिक, मग पेनिसिलिन मुरलेला, आणि एकातून दुसरा वजा. केरींच्या गटाने लॅक्टमेजवर असं भरपूर काम केलंय. तिचे स्फटिक अजून सुईसारखे बारीक येतात आणि लेझरखाली तडकतात.

मागच्या शनिवारी एक बऱ्यापैकी टिकला. तिने झडप बंद ठेवून आधी अंधार मोजला, आलेख सपाट आला. खोलीतले दिवे लावून मोजला, सपाट. मोबाईलचा टॉर्च काचेवर धरून मोजला, सपाट. गुरू खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. "आता उघड की," ते म्हणाले, आणि तिने झडप उघडलं.